सांता आणि गिफ्टांशिवाय, उपासनेला धरून घरात नाताळ कसा करावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, डिसेंबर लागला की सांता काय आणणार एवढंच विचारतो, २५ तारखेच्या उपासनेत पेंगतो, आणि तुम्ही साधेपणाचं नाव काढलं की सासरचे तुम्हाला कंजूष म्हणतात. त्या कंजूष शब्दासाठी लिहायला बसलोय. मीही तो ऐकलाय, सख्ख्या भावाकडून, भर देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो).

आमचं गाव नगर जिल्ह्यात. नोकरीमुळे मी पुण्याला, पण तेव्हा नाताळला गावीच असायचो. दादा तिथे देवळाच्या पंच कमिटीवर आहे. सात-आठ वर्षांपूर्वी कमिटीने ठरवलं की यंदा दणक्यात करायचं. मंडप, लायटिंग, टेम्पोतून सांता आणि डीजे. सकाळी उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवलेलं, आटोपतं घ्या, साडेअकराला जेवणं आहेत. बायबलमधला येशूजन्माचा भाग, लूकचा दुसरा अध्याय, वाचायला घेतला आणि बाहेर माइक टेस्टिंग सुरू. ‘बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले’ आणि लगेच ‘चेक, चेक, हॅलो’. तेवढ्यात टेम्पो आला. पोरं उठून पळाली, पोरांमागे आया.

आमच्याकडे रीत अशी की हे वाचन झालं की आत्या टिळकांचं, म्हणजे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, एक पद म्हणते. माझी आत्या, तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. अक्षरओळख नाही, पण पदं सगळी तोंडपाठ. पेटीवर कुणीतरी बसतं, झांज तिची स्वतःची. त्या दिवशी वाचनावरून थेट शेवटच्या आशीर्वादावर गेले. आत्याने झांज पदरात गुंडाळली आणि बसून राहिली.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर दादाला म्हणालो, “तेव्हा येशूला उतारशाळेत जागा नव्हती, आता देवळातही नाही.” (बायकोचं म्हणणं, हे वाक्य मी सकाळपासून घोळवत होतो. असेल.) दादाही ऐकणारा नाही. “पुण्यात राहतोस, वर्गणी पाचशे देतोस आणि इथे येऊन शिकवतोस? कंजूष लेकाचा! आणि हे सगळं मिशनऱ्यांपासून चालत आलंय, आपण काढलेलं नाही.”

हे शेवटचं मला अजून सलतं, कारण ते चूक आहे. १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आलेले अमेरिकन मिशनरी बोस्टनकडच्या काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, पाठवलेले. त्यांच्या प्युरिटन, म्हणजे कडक साध्या उपासनेच्या पंथातल्या, पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. कायदा १६८१ ला गेला, पण नाताळची सरकारी सुट्टी तिथे १८५६ साली आली. म्हणजे ज्यांनी आमच्या मंडळ्या उभ्या केल्या, त्यातले पहिले लोक नाताळ न करणाऱ्या घरांतले होते! सांता त्यांच्या नावावर खपवू नये. आपला स्वतःचा वारसा कुठला म्हणाल, तर १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन टिळकांनी अभंग-कीर्तनाच्या वळणाची जी भजनं दिली ती. तीच आपण आशीर्वादाच्या आधी कापली.

तर तुमच्या घरासाठी. अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारपासून, म्हणजे नाताळाआधीच्या चौथ्या रविवारपासून, रोज रात्री जेवणाआधी दहा मिनिटं: मेणबत्ती, चार ओळी वाचन, एक गाणं. आम्ही गावाहून मूठभर कडबा आणून खोक्याची गव्हाणी करतो. ती २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी. रिकामी का, हे मुलाने विचारलं की निम्मं काम झालं. बाळ त्यानेच ठेवायचं. गिफ्ट १ जानेवारीला, आणि आईबापाने दिलंय असं सांगून.

फराळ २३ लाच संपवा. ज्या घरातली बाई २५ ला सकाळी करंज्या तळत असते, त्या घराने आमचा नाताळ उपासनेचा आहे असं सांगू नये. आमच्याकडे करंज्यांचं सारण मी करतो. दादाकडे वहिनी अजून उपासनेला तिसऱ्या गाण्याला पोचते, आणि हा माणूस मला परंपरा शिकवतो.

मुलगा पेंगतो त्याला माझ्याकडे औषध नाही. माझी मुलगीही पेंगायची. सासरच्यांचंही मला विचारू नका, मला माझा भाऊ पटवता आलेला नाही.

हे आमच्यासारख्या प्रोटेस्टंट घरांपुरतं. वसईकडच्या कॅथलिकांची रीत वेगळी, तिथे मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, आणि मागून जेवणावळ दोन्ही जोरात चालतं, आणि त्यात मला काही खटकत नाही. २५ डिसेंबर ही तारीख बायबलात कुठेच नाही, तेव्हा तारखेवरूनही कुणाशी भांडू नका. दादाचं एक म्हणणं मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं: गावात बाकी सगळ्यांची मिरवणूक निघते, आपल्या पोरांनी वर्षातून एकदा तरी रस्त्यावर मान वर करून चालावं की नाही? याला माझ्याकडे धड उत्तर नाही. आणि मुलगी दहा वर्षांची असताना मीच तिला २५ ला सायकल दिली होती, तेही लिहून टाकतो.

आत्याचं फारसं काही बिघडलं नव्हतं, असं नंतर कळलं. सांताकडून तिनेही चॉकलेट घेतलं होतं. आता ती २४ ला आमच्याकडे पुण्यात असते आणि ओळीने पाच पदं म्हणते. खालच्या मजल्यावरचे लोक दहा वाजता बेल वाजवतात.

यंदाही गावाकडून वर्गणीचा मेसेज आला. पाचशेच पाठवले, खाली लिहिलं, ‘लायटिंगला वापरू नये.’ दादाने अंगठा पाठवलाय.