राज्यघटना तडजोडींतून तयार झाली असं म्हणणं म्हणजे तिचा अपमान आहे का? कोणत्या तडजोडी झाल्या?

नाही, अजिबात अपमान नाही. तुमच्या प्रश्नातला 'अपमान' हा शब्द वाचला म्हणूनच लिहायला बसले.

कॉलेजात असताना कोल्हापुरातल्या एका वक्तृत्व स्पर्धेत मी हेच बोलले होते. बाकीच्या मुलांनी घटनेला हारतुरे घातले. मी राजभाषेचा वाद घेतला. अंक नागरी ठेवायचे की आंतरराष्ट्रीय, यावरसुद्धा घटना समितीत रण माजलं होतं. शेवटी क. मा. मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार या सदस्यांच्या नावानं ओळखला जाणारा मुन्शी-अय्यंगार तोडगा निघाला: राजभाषा देवनागरीतली हिंदी, अंक आंतरराष्ट्रीय रूपातले आणि इंग्रजी आणखी 15 वर्षं. 14 सप्टेंबर 1949 ला तो मंजूर झाला. कुणाच्याच मनासारखं पूर्ण झालं नाही, म्हणून तर सगळ्यांना ते पटवून घेता आलं, असं मी म्हटलं. निकाल सांगताना परीक्षकांनी माइकवरून सुनावलं, "तडजोड बाजारात करतात, घटनेत नाही." नंबर गेला त्याचं एवढं नाही, पण माइक त्यांच्या हातात होता आणि मला उत्तर द्यायची सोय नव्हती.

तर हे उत्तर. कोल्हापूर संस्थानात प्रजा परिषदेची, म्हणजे राजेशाहीविरुद्ध लोकांच्या हक्कांची, चळवळ लढवलेले रत्नाप्पा कुंभार घटना समितीत होते, घटनेवर त्यांची सही आहे. आणि त्याच घटनेत कलम 291 होतं, संस्थानिकांच्या तनख्याची हमी देणारं! विलीनीकरणासाठी दिलेला शब्द होता तो. ज्यांनी राजेशाहीविरुद्ध हाल सोसले त्यांनी तो पाळला. 1971 मध्ये घटनादुरुस्तीनं तनखे गेले. याला बाजार म्हणायचं?

आरक्षणाचंही तसंच. कुणाला नोकरीत सगळ्यांना सारखी संधी हवी होती, कुणाला पिढ्यान्‌पिढ्या कारभाराबाहेर ठेवलेल्यांसाठी वाट हवी होती. 30 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात बाबासाहेबांनी दोन्हींचा मेळ कसा घातला ते उघड सांगितलं, राखीव जागा निम्म्याहून कमीच असाव्यात हेही सांगितलं. आमच्याकडं शाहू महाराजांनी 1902 मध्येच 50 टक्के जागा राखल्या होत्या, त्यामुळं कोल्हापूरच्या माणसाला हा वाद नवा नाही.

हां, सगळ्याच तडजोडी चांगल्या होत्या असं माझं म्हणणं नाही. सक्तीचं मोफत शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांत ढकललं, म्हणजे त्यासाठी कोर्टात जाता येईना. मूलभूत हक्क व्हायला 2002 ची घटनादुरुस्ती यावी लागली. कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण 1917 पासून सक्तीचं आणि मोफत होतं. ही तडजोड मला आजही सलते.

मुलांकडून भाषणं बसवून घेत असाल तर हारतुरे पाठ करून घेऊ नका, घटना समितीतल्या चर्चा वाचायला द्या. आणि कधी परीक्षक म्हणून बसलात, तर 'तडजोड' शब्दाला गुण कापण्याआधी राजभाषेचा तो तोडगा ज्यात आहे ते कलम 343 उघडून बघा.