चष्मा सांगण्याआधी अंतर मोजा
वाचकांचे प्रश्न, दृष्टितज्ज्ञांची उत्तरं

लांबचं लख्ख दिसतं, पण मोबाइल हात ताणून धरल्याशिवाय वाचता येत नाही. चष्मा एकदा लावला की सुटत नाही आणि नंबर वाढतच जातो असं ऐकलं आहे. व्यायामाने टाळता येईल का? (शिक्षिका, वय ४६)

नाही. जवळचं पाहताना डोळ्यातला स्नायू आवळतो, भिंगाला धरून ठेवणारे तंतू सैल होतात आणि भिंग फुगतं. वयानुसार भिंगच कडक होत जातं. स्नायू बहुतेक वेळा आपलं काम करतच असतो, पण फुगायला भिंग तयार नसतं. म्हणून बुबुळं फिरवणं, तळहात डोळ्यांवर ठेवणं, पेन्सिल नाकाजवळ आणणं यांनी हा नंबर जात नाही.

आकड्यांत सांगायचं तर ही फुगण्याची क्षमता दहाव्या वर्षी साधारण १४ डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं एकक, चष्म्याचा नंबरही यातच मोजतात) असते, चाळिशीत पाच-सहावर येते, पन्नाशीत दोन-अडीच उरते आणि साठीनंतर जेमतेम एक. पुस्तक ४० सेंटीमीटरवर धरलं तर २.५ डायॉप्टर लागतात, मोबाइल ३३ सेंटीमीटरवर धरला तर ३. शिवाय असलेली सगळी क्षमता सतत वापरता येत नाही. निम्मी हाताशी शिल्लक असेल तरच तासभर निवांत वाचता येतं. तुमची तक्रार नेमकी त्या हिशेबात बसते.

चष्म्यामुळे नंबर वाढत नाही. चष्मा लावला नाही तरी तो पंचावन्न-साठीपर्यंत वाढतोच, पुढे बहुधा +२.५०च्या आसपास थांबतो. फरक एवढाच, की न लावणाऱ्याचं कपाळ दुखतं आणि संध्याकाळी ओळी एकमेकींत मिसळतात. तुमच्या वयाला सव्वा ते दीडच्या आसपास नंबर निघेल. त्याहून बराच जास्त निघाला तर लांबचाही थोडा प्लस नंबर आजवर दडून राहिला असण्याची शक्यता असते, म्हणून दोन्ही तपासून घ्या.

तयार मिळणारा +२.५०चा चष्मा घेतला. पुस्तक छान दिसतं, कॉम्प्युटर मात्र धुरकट. नंबर कमी पडतोय का? (हिशेबनीस, वय ५२)

उलट जास्त झाला आहे. प्लस नंबरच्या चष्म्यातून स्पष्ट दिसण्याला लांबची एक हद्द असते. १०० सेंटीमीटरला नंबराने भागलं की ती मिळते. +२.५०ला ही हद्द ४० सेंटीमीटर आणि तुमचा पडदा असेल साठ-सत्तरवर. +१.५०ला हीच हद्द ६७ सेंटीमीटर होते, आणि तुमच्या वयाला जी थोडी क्षमता उरलेली असते तिच्या जोरावर ४०वरचा कागदही वाचता येतो. म्हणजे एकाच चष्म्यात दोन्ही कामं होतात. हा हिशेब लांबचा नंबर शून्य असलेल्यांसाठी आहे. लांबचा नंबर असेल तर तो यात मिळवावा लागतो.

तपासणीला जाण्याआधी मोजपट्टी घ्या. नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखं बसा. डोळ्यापासून पडदा, कीबोर्डजवळचा कागद आणि हातातला मोबाइल, अशी तीन अंतरं लिहून न्या. तपासणीच्या खुर्चीत हातात दिलेला तक्ता बहुधा ४० सेंटीमीटरवरच धरलेला असतो. तुमचं काम कुठल्या अंतरावर चालतं, हे सांगितल्याशिवाय समोरच्याला कळणार नाही.

तयार चष्मा वाईट नसतो. पण त्यात दोन्ही काचा एकाच नंबराच्या असतात आणि सिलिंडर नंबर, म्हणजे एका ठरावीक दिशेपुरताच लागणारा नंबर, मुळीच नसतो. दोन डोळ्यांत अर्ध्याहून जास्त फरक असेल किंवा पाऊणच्या वर सिलिंडर असेल, तर वाचताना डोकं चढणार.

प्रोग्रेसिव्ह चष्मा करून तीन आठवडे झाले. जिना उतरताना पायऱ्या हलतात, बाजूचं वाकडं दिसतं, वाचताना हनुवटी वर करावी लागते. सवय होईल की काच चुकली आहे? (वय ५५)

तीन तक्रारी, तिघींची कारणं वेगळी.

बाजूला दिसणारा वाकडेपणा या काचेच्या रचनेतच आहे. वर लांबचा नंबर, खाली जवळचा, आणि मधल्या अरुंद पट्ट्यातून तो हळूहळू बदलतो. हा बदल कुठेतरी सामावून घ्यावा लागतो, तो दोन्ही कडांना. जवळचा जादा नंबर, म्हणजे चिठ्ठीवरचा ‘ॲड’, जितका मोठा तितका कडांचा गोंधळ जास्त. म्हणूनच +१.२५ला पहिला प्रोग्रेसिव्ह घेणाऱ्याला तो पटकन जमतो आणि +२.२५ला सुरुवात करणाऱ्याला जड जातो. डोळे तिरके करून पाहण्याऐवजी नाक त्या वस्तूकडे वळवायचं. पायऱ्या तुम्ही वाचनाच्या भागातून पाहता, म्हणून हलतात. उतरताना हनुवटी छातीकडे घ्या, म्हणजे नजर वरच्या भागातून जाईल. हे दोन्ही सवयीचे भाग. पण त्यासाठी जुना चष्मा पूर्ण बाजूला ठेवावा लागतो. अर्धा दिवस हा, अर्धा दिवस तो असं केलं तर महिनाभरातही मेंदू जुळवून घेत नाही. पायऱ्या स्थिर दिसेपर्यंत गाडी चालवू नये.

हनुवटी वर करावी लागणं मात्र सवयीने जाणार नाही. वाचनाचा भाग खाली पडला आहे. आधी सोपी गोष्ट पाहा: चष्मा नाकावरून घसरतोय का? दोन बोटांनी दोन-तीन मिलिमीटर वर उचलून वाचा. अक्षरं लगेच उघडली तर नाकावरच्या गाद्या जवळ घेऊन आणि काड्या कानामागे वळवून काम भागेल. फ्रेमचा खालचा भाग गालाकडे किंचित झुकलेला हवा, साधारण ८ ते १२ अंश. सरळ उभी फ्रेम असेल तर वाचनाचा भाग आणखी अरुंद भासतो.

एवढं करूनही सुटलं नाही तर दुकानात काचेवरच्या खुणा पुन्हा काढून मागा. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक कोरीव खुणा असतात. काच प्रकाशासमोर तिरकी धरली की दिसतात. कंपनीच्या तक्त्यावर त्या जुळवल्या की काच कुठे बसायला हवी होती हे क्रॉसने दाखवता येतं. तुम्ही सरळ समोर पाहत असताना तो क्रॉस बाहुलीच्या मधोमध आला पाहिजे. खाली असेल तर वाचताना हनुवटी वर जाते, वर असेल तर लांबचं धुरकट होतं. बाजूला सरकला असेल तर काय होतं, ते घरीच कळतं: पुस्तक स्थिर धरून एकेक डोळा झाका. प्रत्येक डोळ्याला स्पष्ट भाग दिसतो पण तो पानावर वेगवेगळ्या जागी असेल, तर दोन बाहुल्यांचं अंतर मोजताना चूक झाली आहे. हे अंतर दोन्ही डोळ्यांचं मिळून एक न घेता नाकाच्या मध्यापासून उजवं-डावं वेगळं घ्यायचं असतं, कारण बहुतेक चेहरे थोडे असमान असतात.

आणि फ्रेम किती उंच आहे? बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत १८ मिलिमीटर मिळत नसतील, तर वाचनाचा भाग काच कापतानाच कचऱ्यात गेला असू शकतो. आखूड पट्ट्याच्या काचा १४लाही बसतात, पण त्यात मधलं अंतर, म्हणजे नेमका कॉम्प्युटर, चिंचोळा होतो. दिवसाचे सहा-सात तास पडद्यासमोर जात असतील तर एकाच प्रोग्रेसिव्हकडून सगळं करून घेण्याचा हट्ट आमच्या मते सोडावा. पडदा आणि कागद एवढ्यासाठीच ऑफिस लेन्सचा वेगळा चष्मा मानेला मानवतो.

मला लांबचा −२.५० आहे. वाचताना चष्मा काढला की उत्तम दिसतं. असं वाचणं चुकीचं आहे का?

मुळीच नाही. तुमचे डोळे चष्म्याविना ४० सेंटीमीटरवरच रोखलेले आहेत. दोन्ही डोळ्यांचा नंबर जवळपास सारखा आणि सिलिंडर कमी असेल तर खुशाल काढून वाचा. −१ वाल्यांना ही सोय फार दिवस पुरत नाही आणि −६ वाल्यांना पान नाकापाशी आणावं लागतं.

विजेच्या जोडणीचं काम करतो. बायफोकलमधून समोरचं जमतं, पण डोक्यावरची पेटी पाहताना तारांचे रंग कळत नाहीत.

जवळचा तुकडा खाली आणि काम वर, म्हणून. काचेच्या वरच्या भागातही जवळचा नंबर बसवलेली दुहेरी बायफोकल मागवून मिळते. तोवर कामाच्या अंतराचा साधा एकाच नंबराचा चष्मा वेगळा ठेवा. शिडीवर चढता-उतरताना तो काढायचा, कारण पायऱ्या धुरकट दिसतात. प्रकाशही वाढवा. दिवा तारांवर पडेल असा बाजूने लावा, डोळ्यांत नको. भरपूर उजेडात बाहुली आकुंचते आणि स्पष्ट दिसण्याचा पल्ला वाढतो. सुई ओवणाऱ्यांनाही हेच लागू. काळा दोरा असेल तर नेढ्यामागे पांढरा कागद धरावा.

जवळचं दिसण्यासाठी थेंब निघाले आहेत म्हणे?

आहेत. अमेरिकेत २०२१ साली पायलोकार्पिनच्या १.२५ टक्के थेंबांना या कारणासाठी मंजुरी मिळाली. बाहुली बारीक करून ते काही तास काम करतात. भिंग पुन्हा मऊ होत नाही. डोकं दुखणं आणि अंधारात कमी दिसणं हे त्रास होतात. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी केल्याशिवाय ते वापरूच नयेत.

वडिलांचं वय ६६. गेले काही महिने ते चष्म्याविना वर्तमानपत्र वाचू लागले आहेत. डोळे सुधारले म्हणायचे का?

लांबचं कसं दिसतं, ते त्यांना विचारा. बहुधा धूसर झालं असेल. मोतीबिंदू भिंगाच्या गाभ्यात पिकू लागला की डोळा मायनसकडे सरकतो आणि जवळचं काही काळ चष्म्याविना दिसतं. रक्तातली साखर वाढल्यानेही असंच होतं. त्यामुळे आधी साखर तपासा. ती वाढलेली असेल तर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा करू नका, नाहीतर नंबर पुन्हा बदलेल. सरळ रेषा वाकड्या दिसणं, एकाच डोळ्याने अचानक कमी दिसणं, प्रकाशाचे झटके किंवा काळ्या ठिपक्यांचा एकदम वर्षाव, यांपैकी काही असेल तर चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या.