सर्टिफिकेटच्या खालची बारीक अक्षरं वाचता का?

शिलाई, पार्लर, आयटीआय, कर्ज... तेच तेच प्रश्न परत परत येतायत, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न: वय ४१, दहावी पास. आयटीआयला आता घेतील का?

घेतील. बहुतेक ट्रेडना वरची वयाची अट नाही, वर ३० टक्के जागा महिलांसाठी राखीव असतात. जवळच्या आयटीआयमध्ये स्वतः जाऊन विचारा, शेजारणीला नको.

प्रश्न: सरकार सगळ्या महिलांना फुकट शिलाई मशीन देतंय असा मेसेज आलाय, फॉर्मचे ३५० रुपये मागतायत. भरू का?

नका भरू. हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय, केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयाने तो खोटा असल्याचं सांगूनही झालंय. खरी योजना आहे ती पीएम विश्वकर्मा, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली. त्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि शिवणकाम त्यातलं एक. पण ती आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठी आहे, आणि घरातल्या एकालाच मिळते. मशीन घरपोच येत नाही, टूलकिटसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं, ट्रेनिंगच्या दिवसांचे रोज ५०० मिळतात. सध्या नोंदणी सुरू आहे का ते सीएससी सेंटरला किंवा ग्रामपंचायतीत विचारा.

प्रश्न: आरसेटीच्या (बँका चालवतात त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेच्या) ट्रेनिंगला राहण्या-जेवणाचे पैसे पडतात का?

नाही. कोणी मागितले तर ती आरसेटी चालवणाऱ्या बँकेत तक्रार करा.

प्रश्न: पार्लरच्या ॲडव्हान्स डिप्लोमाची फी ४८ हजार, निम्मी भरली. 'सरकारमान्य' आहे आणि 'शंभर टक्के जॉब' देणार म्हणतात. बाकीची भरू ना?

ताई, थांबा जरा. आधी त्या क्लासच्या जुन्या विद्यार्थिनीचं सर्टिफिकेट मागून घ्या आणि खाली काय लिहिलंय ते वाचा. मध्ये एकीने मला फोटो पाठवला होता, सोनेरी बॉर्डर, मोठ्ठा शिक्का आणि तळाला 'आयएसओ ९००१', 'एमएसएमई रजिस्टर्ड' आणि एक लांबलचक नंबर. तो नंबर उद्यम नोंदणीचा निघाला! अहो, ती नोंदणी पिठाच्या गिरणीवालाही घरबसल्या फुकटात करतो, ती धंद्याची नोंद आहे, कोर्सची मान्यता नव्हे. आयएसओ म्हणजे काय तर संस्थेचं कामकाज ठरलेल्या पद्धतीने चालतं, बस. मान्यता हवी ती एनसीव्हीईटीची (कौशल्याच्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची परिषद) किंवा राज्याच्या कौशल्य मंडळाची, तशा कोर्सला कोड असतो, एनएसक्यूएफ लेव्हल म्हणजे कोर्सची सरकारने ठरवलेली पातळी असते. कोड मागा, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या साइटवर स्वतः शोधा. "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर मान्यता नाही असं समजून चाला.

आणि कागद खरा असला तरी पार्लरवाली कामावर घेताना तुमचा हात बघते, कागद नाही. म्हणून विचारा की खऱ्या गिऱ्हाइकांवर प्रॅक्टिस किती, की नुसत्या डमीच्या डोक्यावर केस कापायचे? प्रॉडक्टचे पैसे वेगळे का? मागच्या बॅचमधल्या दोघीतिघींशी बोला, कुठे लागल्या, हातात किती येतात. 'शंभर टक्के जॉब' लेखी द्या म्हणा, मग बघा चेहरा कसा होतो ते.

हप्ते करून देतो म्हणाले तर जास्तच सावध राहा. बऱ्याचदा ते हप्ते नसतातच, फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं, उद्या क्लासला कुलूप लागलं तरी ईएमआय कापला जातोच. काही सही केली असेल तर तो कागद आजच कुणा जाणकाराला दाखवा.

भरलेल्या पैशांची पावती, जाहिरात, व्हॉट्सॲप चॅट सगळं जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, "बघू दिवाळीनंतर" करत बसू नका. केस उभी राहते का ते मात्र वकिलालाच विचारा.

प्रश्न: शिलाईच्या दुकानासाठी मुद्रा लोन हवंय, एजंट ५ हजार मागतोय.

एजंट लागत नाही. शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, तारण नाही. मशीनचं कोटेशन घेऊन, खातं आहे त्या बँकेत मॅनेजरला भेटा. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा आणि ते घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात जा.