मारणारा कुणीच नसेल, तर त्याला हिंसा का म्हणायचं?

तुमचा प्रश्न असा: मानवशास्त्रज्ञ ज्याला 'संरचनात्मक हिंसा' म्हणतात तिच्यात मारणारा कुणीच नसतो, मग सरळ गरिबी किंवा विषमता का म्हणू नये?

व्याख्येचं आधी उरकते. योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९६९ साली कल्पना मांडली की टाळता येणारं नुकसान समाजाच्या रचनेमुळे होत असेल तर तीही हिंसाच, आणि त्याचं उदाहरणच क्षयाचं होतं. अठराव्या शतकात माणूस क्षयाने गेला तर कुणाकडेच इलाज नव्हता, त्याला हिंसा म्हणता येणार नाही. औषध जगात असताना माणूस त्याच रोगाने गेला तर ती हिंसा, मग हात उगारणारा दिसो वा न दिसो.

मी हे उत्तर लिहायला बसले ते या क्षयासाठीच.

आमची नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीला सुरगाण्याच्या आदिवासी डोंगरपट्ट्यातून मजुरांची टोळी येते, बागेतल्या शेडमध्ये राहते. छाटणी, पेस्ट, विरळणी, डिपिंग, सगळं त्यांच्या हातून होतं. २०१० च्या हंगामात हजेरीची वही माझ्याकडे होती. टोळीत एक मावशी होत्या, मला 'बाय' म्हणायच्या. घरावर पत्रे टाकायला त्यांनी आणि नवऱ्याने पोळ्याच्या सुमारास आमच्याकडून आठ हजार उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली होती. श्रावणात खोकल्यातून रक्त पडलं, बेडका तपासला, क्षय निघाला. गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा डॉट्स या सरकारी क्षय-उपचारात आठवड्यातून तीनदा आरोग्यसेविकेसमोर गोळी गिळायची पद्धत होती. पेशंटच्या नावाचा डबा असायचा आणि तो त्यांच्या गावाजवळच्या उपकेंद्रात होता. मावशी आमच्या बागेत.

पहिल्या आठवड्यात त्या दोनदा गावी जाऊन आल्या. एसटीने वणीपर्यंत, तिथून पुढची गाडी, मग पाड्यापर्यंत पायी. पूर्ण दिवस जायचा, भाडं वेगळं. मी त्या दोन्ही दिवसांपुढे 'खाडा' लिहिलं आणि मजुरी कापली. तसाच रिवाज होता, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एकच खाडा. तिसऱ्यात एकही नाही, आणि अण्णा (माझे मोठे काका) म्हणाले, "बरी झालेली दिसते."

मध्ये एकदा मी त्यांना आमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं होतं. तिथल्या बाईंनी नीट विचारपूस केली, पण मूळ केंद्राकडून बदलीचा कागद आल्याशिवाय डबा इकडे येणार नव्हता. कागद आणायचा म्हणजे आणखी एक खाडा. तोवर ताप उतरला होता, खोकला कमी होता. पहिल्या दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, इलाज मात्र सहा महिन्यांचा असतो. बाग उतरेपर्यंत त्या राहिल्या, उचल फिटली, आणि अक्षय्य तृतीयेच्या आत त्या वारल्याचा निरोप आला.

अण्णा तेव्हा जे बोलले ते आजही बोलतात. "गोळ्या फुकट होत्या. सरकार घरापर्यंत देतं. भगताकडे जाणाऱ्याला कोण वाचवणार?" मावशी भगताकडे गेल्या होत्या, हे खरं आहे. भगत, म्हणजे मंत्र-तंत्राने इलाज करणारा, पाड्यावरच राहायचा, रात्री भेटायचा, त्याच्याकडे गेल्याने मजुरी बुडत नव्हती. हे मी तेव्हा बोलू शकले नाही. पुढे पुण्यात मानवशास्त्रात एम.ए. करताना पॉल फार्मर वाचला आणि शब्द सापडले.

फार्मर डॉक्टरही होता आणि मानवशास्त्रज्ञही. हैतीत त्याने ज्या लोकांत काम केलं त्यांची नदीकाठची सुपीक जमीन १९५६ मध्ये पेलिग्र धरणात गेली होती आणि ते उजाड डोंगरावर चढले होते. (आमच्याकडे सुरगाणा-पेठ तालुक्यांत धोधो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. नागली-वरई निघाली की गावात काम उरत नाही. टोळ्या खाली का उतरतात ते यावरून समजा.) फार्मरच्या क्षयरुग्णांचे दोन गट होते, औषध दोघांनाही फुकट. एका गटाला वर दरमहा थोडे पैसे, खाणं आणि घरी येणारा आरोग्यसेवक. तो गट जवळपास पूर्ण बरा झाला, दुसऱ्यातले साधारण निम्मे. आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बऱ्या झालेल्यांपैकी बहुतेकांना आपला आजार करणीचा असू शकतो असंच वाटत होतं. करणी मानल्याने गोळी चुकली नाही. पोट आणि भाडं यांनी चुकवली.

म्हणून 'त्यांची संस्कृतीच तशी' हे उत्तर मला मान्य नाही. मालकाला ते सोयीचं पडतं, एवढंच. फार्मरनेही बजावलं आहे की सांस्कृतिक फरक आणि संरचनात्मक हिंसा यांची गल्लत करू नका.

बदलीच्या कागदाचं सांगायचं तर मानवशास्त्रज्ञ अखिल गुप्ता यांचं उत्तर प्रदेशातलं काम बघा (२०१२). गरिबांसाठी योजना आहेत, अधिकारी काही वाईट नाहीत, तरी माणसं मरतात. का, तर कुणाचं काम होईल आणि कुणाचं अडेल याचा भरवसाच नसतो.

आता 'गरिबी का म्हणू नये'. गरिबी म्हटलं की ती दुष्काळासारखी आपोआप आल्यासारखी वाटते. हिंसा म्हटलं की ती कुठून, कोणाच्या हातून आली हे विचारावं लागतं. नाशिककरांना २ मार्च १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह माहीत आहे. तिथे बंद दार होतं, त्याच्यासमोर बसता येत होतं. मावशींनी कुठल्या दारासमोर बसायचं होतं? उचल कायदेशीर वाटत होती, खाडा रिवाजाचा होता, कागद नियमाचा होता.

दोन गोष्टी जोडते. या कल्पनेवर टीका आहे. समाजशास्त्रज्ञ लोइक वाकाँ म्हणतो की वर्चस्वाचे वेगवेगळे प्रकार एकाच पिशवीत कोंबले की नेमकं काय घडतं ते दिसेनासं होतं. ते मला पटतं, म्हणून नुसतं 'व्यवस्था' म्हणून थांबू नका. उचल किती, भाडं किती, खाडा कोणी लिहिला, इथपर्यंत जा. दुसरं, आता क्षयाची गोळी रोजची झाली आहे आणि २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात, आधी पाचशे, आता हजार. हे बदल चांगले आहेत. झारखंडमधल्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना पुरेसं खायला दिलं तर त्यांना क्षय होण्याचं प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी घटलं, हे २०२३ मध्ये छापून आलं. अण्णांना मी तो अभ्यास मराठीत समजावून सांगितला. ते म्हणाले, सरकारने द्यावं, आपण का?

आमच्या बागेत दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरत नाहीत, ते मी पुढे वही पुन्हा हाती घेतली तेव्हापासून. अण्णा त्याला लाड म्हणतात. २०१० ची वही माझ्या कपाटात आहे, तिच्यातले ते तीन खाडे माझ्या अक्षरात आहेत.