तिसाव्या किलोमीटरची धास्ती

प्रश्न : मी चाळीसगावचा, वय ४६. गोव्याची अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन मी दोनदा पूर्ण केली आहे. गेल्या वर्षी पूर्ण अंतराच्या शर्यतीत (३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणे) धावण्याच्या तिसाव्या किलोमीटरला मला थांबावे लागले. तीच शर्यत आता तीन आठवड्यांवर आली आहे. कन्नड घाटातला सायकलचा सराव उत्तम झाला, तरी प्रशिक्षकांनी सराव कमी करायला सांगितल्यापासून पाय जड वाटतात आणि झोप लागत नाही. नवख्याला भीती वाटणे समजू शकते, पण इतकी वर्षे यात घालवलेल्या माणसाला ती का वाटावी?

उत्तर : पुढे काय वाढून ठेवले आहे हे नवख्याला ठाऊक नसते, त्यामुळे त्याची भीती मोघम असते. आपल्या भीतीला मात्र ठावठिकाणा आहे, आणि म्हणूनच तिच्याशी काम करता येते. तिला मनातून घालवण्याच्या खटपटीत हे तीन आठवडे दवडू नका. तिसाव्या किलोमीटरला आपण का थांबलात, याचा हिशेब आधी कागदावर मांडा.

माझ्या दुसऱ्या पूर्ण शर्यतीत मीही धावताना कोलमडलो होतो, आणि पायच कमी पडले असे कित्येक महिने मानत राहिलो. नोंदी नीट पाहिल्यावर कळले की चूक सायकलवरच झाली होती : पाय ताजे होते म्हणून पहिल्या ९० किमीत वेग वाढवला आणि भूक नव्हती म्हणून खाणे लांबवले. इतक्या लांब शर्यतीत तासाला साधारण ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात, आणि सायकलवर राहिलेली तूट धावताना भरून निघत नाही, कारण तेव्हा पोट फारसे काही स्वीकारत नाही. १९७८ साली हवाईत झालेल्या पहिल्या आयर्नमनमध्ये, म्हणजे याच पूर्ण अंतराच्या शर्यतीत, १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. त्यात धावायला सुरुवात करताना जॉन डनबार पुढे होता, पण वाटेत त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले, त्यांनी त्याला बिअर पाजली आणि गॉर्डन हॉलर जिंकला. आपल्या नोंदी याच नजरेने वाचा.

कारण सापडले की निर्णय आजच घ्या, कारण बारा तासांच्या श्रमानंतर थकलेले डोके चांगले निर्णय घेत नाही. पोटरीत गोळा आला तर दोन मिनिटे चालायचे, मीठ-साखरेचे पाणी घ्यायचे आणि पुढच्या पाण्याच्या टेबलापासून पुन्हा धावायचे, इतके नेमके लिहून ठेवा. चालण्याला हार समजू नका. तिसाव्या किलोमीटरनंतरचे सव्वाबारा किलोमीटर झपझप चालत गेलात तरी सुमारे दोन तासांत संपतात, आणि अशा शर्यतींना बहुधा १७ तासांची मुदत असते.

पाय जड वाटण्याने घाबरू नका. सराव घटला की स्नायूंमध्ये ग्लायकोजेन (श्रमासाठी राखून ठेवलेली साखर) साठते, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते, आणि वजन किलो-दीड किलो वाढू शकते. शरीर शिदोरी बांधत असते आणि मन त्याला आळस समजते. अशा वेळी ‘एकदा तपासून पाहू’ म्हणून पुन्हा घाटात सायकल घालण्याचा मोह अनुभवी माणसालाच जास्त होतो, कारण आपल्या मेहनतीवरचा त्याचा विश्वास रोजच्या दमण्यावर उभा असतो. तो मोह कटाक्षाने टाळा. सरावाचे अंतर निम्म्यावर आणा, पण आठवड्यातून दोनदा थोडा वेळ शर्यतीच्या वेगाने जरूर चालवा आणि धावा. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तरी फारसे बिघडत नाही. त्याआधीच्या दोन-तीन रात्री मात्र जपा.

पोहण्याबद्दल आपण काही लिहिले नाही, तरी एक सांगतो. आपल्याकडे पुष्कळांचे पोहणे विहिरीत किंवा गिरणेच्या पात्रात सुरू होते, आणि समुद्रात समोरचा काठ दिसत नाही तेव्हा मुरलेल्या माणसाचाही श्वास उथळ होतो. पहिले २०० मीटर मुद्दाम सावकाश जा आणि पाण्यात उच्छ्वास पूर्ण सोडा.

घरचे कोणी सोबत येणार असेल, तर त्यांना शेवटच्या रेषेपाशी उभे न करता तिसाव्या किलोमीटरच्या आसपास उभे राहायला सांगा. त्यांनी आपल्याला नावाने हाक मारावी, पण हातात काही देऊ नये. बाहेरची मदत घेतल्यास नियमानुसार दंड होतो किंवा शर्यतीतून बाद केले जाते.