गुळवेल : ओळखायची कशी, घ्यायची किती, थांबायचं कधी

गुळवेलीविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : कुंपणावर एक वेल आपोआप चढली आहे. पानं हृदयाच्या आकाराची आहेत. ती गुळवेलच आहे याची खात्री कशी करायची?

उत्तर : नुसत्या पानावर जाऊ नका. हृदयाच्या आकाराची पानं खाऊच्या पानवेलीला असतात, पहाडवेलीलाही साधारण तशीच असतात. गुळवेलीची खरी ओळख खोडात आहे. बोटाएवढ्या जाड खोडाची वरची साल कागदासारखी पातळ आणि फिकट तपकिरी असते, नखानं खरवडली की सुटते आणि खाली हिरवा थर दिसतो. खोड आडवं कापलं की मधून बाहेर जाणारे आरे दिसतात, अगदी बैलगाडीच्या चाकासारखे. संस्कृतात हिला ‘चक्रलक्षणा’ म्हणतात ते यामुळेच. जुन्या वेलीवरून दोऱ्यासारखी लांब हवाई मुळं खाली लोंबत असतात.

पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत हवं. पानाला मऊ लव असेल तर ती गुळवेलीची भावंड जात असू शकते. पहाडवेलीत देठ पानाच्या काठाला न जुळता थोडा आत, पानाच्या पाठीवर जुळलेला असतो. एवढं पाहिलं तरी ती बाजूला पडते.

जास्त जपायचं ते टिनोस्पोरा क्रिस्पा या गुळवेलीच्याच दुसऱ्या भावंड जातीपासून. तिचं खोड करडं असून त्यावर चामखिळीसारखे दाट, उठावदार गोळे असतात. खोडातून दुधाळ चीक येतो आणि फळ लांबट असतं. गुळवेलीच्या खोडावरही बारीक ठिपक्यांसारख्या पुटकुळ्या असतात, पण हात फिरवल्यावर क्रिस्पासारखं खडबडीत लागत नाही. फळ वाटाण्याएवढं, गोल आणि पिकल्यावर लाल. फळाची वाट पाहत बसू नका, कारण गुळवेलीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात आणि नर वेलीला फळ कधीच धरत नाही. चव घेऊन ओळखायची सवय बरी नव्हे. एवढं करूनही शंका राहिली तर खोड, पान आणि जमल्यास फूल घेऊन वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्याला दाखवा.

प्रश्न : कडुनिंबावर चढलेली गुळवेलच औषधी असते का?

उत्तर : तीच उत्तम, असं परंपरा मानते. पण गुळवेल बांडगूळ नाही. तिची मुळं जमिनीत असतात आणि झाडाचा ती फक्त आधार घेते. आंब्यावरची किंवा तारेच्या कुंपणावरची नीट ओळखलेली, पक्व वेल ही कडुनिंबावरच्या न ओळखलेल्या वेलीपेक्षा केव्हाही चांगली.

प्रश्न : काढ्यासाठी ताजं खोड किती आणि वाळलेलं किती? ताजं दुप्पट घ्यावं असं वाचलं.

उत्तर : ओली वनस्पती वाळलेल्याच्या दुप्पट घ्यावी, हा सर्वसाधारण नियम खरा आहे. पण आयुर्वेदातला जुना ग्रंथकार शार्ङ्गधर यानं त्याला अपवाद सांगितले आहेत. गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा अशा काही वनस्पती नेहमी ओल्याच वापराव्यात आणि दुप्पट करू नयेत. त्या यादीत गुळवेल पहिली आहे.

मोठ्या माणसासाठी दिवसाला 20 ग्रॅम ताजं खोड पुरतं, म्हणजे बोटाएवढ्या जाडीचा साधारण वीतभर तुकडा. वरची कागदी साल काढा, तुकडे करा आणि खलबत्त्यात धागे सुटेपर्यंत ठेचा. मिक्सरमध्ये धागे पात्याला गुंडाळतात आणि खोड नीट फुटत नाही. सोळापट, म्हणजे 320 मिली पाणी घालून स्टीलच्या पातेल्यात झाकण न ठेवता मंद आचेवर उकळा. 80 मिली उरलं की गाळा. निम्मा सकाळी, निम्मा संध्याकाळी, जेवणाआधी घ्या. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत आटवलं तर पाणी उडतं, पण खोडातला अर्क पुरेसा उतरत नाही. मध घालायचा तर काढा कोमट झाल्यावरच. काढा रोज ताजा करायचा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा नाही.

ताजी वेल मिळत नसेल तर वाळलेल्या खोडाचं चूर्ण दिवसाला 3 ते 6 ग्रॅम घ्यावं. खोडात पिठूळ भाग भरपूर असल्यानं चूर्णाला दमटपणा आणि कीड लवकर लागते. वास कोंदट आला किंवा गाठी झाल्या तर टाकून द्या.

प्रश्न : आठवडाभर गुळवेल घेतली आणि पोट साफ होईनासं झालं. औषध मानवत नाही असं समजायचं का?

उत्तर : नाही. चरकानं गुळवेलीला ‘सांग्राहिक’, म्हणजे मळ बांधणारी म्हटलं आहे, आणि त्याच ओळीत दीपनीय, म्हणजे भूक वाढवणारीही. सैल पोटाच्या माणसाला जो गुण, तोच मुळात कोठा जड असणाऱ्याला त्रास. यावर अनुपानाचा, म्हणजे औषधाबरोबर काय घ्यायचं याचा, उपाय आहे. निघंटूतला, म्हणजे वनस्पतींचे गुण सांगणाऱ्या जुन्या कोशातला, एक श्लोक वैद्यांना तोंडपाठ असतो. त्यानुसार गुळवेल वातासाठी तुपाबरोबर, मलावरोधात गुळाबरोबर, पित्तात साखरेबरोबर, कफात मधाबरोबर, वातरक्तात (गाउटसारखा सांध्यांचा विकार) एरंडेलाबरोबर आणि आमवातात (सुजेसह होणारी सांधेदुखी) सुंठीबरोबर द्यायची. तुम्ही काढ्यात सुपारीएवढा गूळ विरघळवून पाहा. मधुमेह असेल तर गूळ नको, त्याऐवजी मात्रा निम्मी करा. तीन-चार दिवसांत फरक नाही पडला तर बंद करा.

प्रश्न : घरी गुळवेल सत्त्व करून पाहिलं. रात्रभर भिजवूनही तळाशी चिमूटभरच बसलं, तेही करडं आणि आंबूस वासाचं. काय चुकलं?

उत्तर : बहुधा तीन गोष्टी एकदम चुकल्या. सत्त्व कमी बसलं याचा अर्थ खोड कोवळं होतं किंवा नीट ठेचलं गेलं नाही. करडेपणा न सोललेल्या सालीतून किंवा लोखंडी भांड्यातून येतो. आणि आंबूस वास म्हणजे उकाड्यात भिजवण गरजेपेक्षा जास्त वेळ राहिली.

अंगठ्याएवढी जाड, जुनी वेल घ्या. एक किलो खोड धुऊन, साल काढून, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा आणि धागे पूर्ण मोकळे होईपर्यंत ठेचा. चार लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. उन्हाळ्यात संध्याकाळी उशिरा भिजवून पहाटेच काढा. मग हातानं पाण्यातच चांगलं चोळा, कारण पीठ पेशींतून सुटतं ते या चोळण्यानं, नुसत्या भिजण्यानं नव्हे. दुहेरी सुती कापडातून गाळा, चोथा आणखी लिटरभर पाण्यात चोळून तेही पाणी मिसळा. भांडं चार ते सहा तास अजिबात हलवू नका. वरचं पाणी हलक्या हातानं ओतून द्या, तळाच्या थरात स्वच्छ पाणी घालून ढवळा आणि पुन्हा बसू द्या. वरचं पाणी नितळ आणि जवळजवळ बिनकडू होईपर्यंत, म्हणजे दोन-तीनदा, हे करायचं. शेवटी ताटात पातळ पसरून पंख्याखाली वाळवा. किलोमागे साधारण 20 ते 40 ग्रॅम मिळालं तर काम जमलं. पावसाळ्यात, नवी फूट जोरात असताना, यापेक्षाही कमी मिळतं.

सत्त्व म्हणजे मुख्यतः स्टार्च. गुळवेलीचा कडूपणा ज्या घटकांमुळे, ते आपण ओतून दिलेल्या पाण्याबरोबर बरेचसे निघून जातात. म्हणून सत्त्व पित्तात, दाहात, तापानंतरच्या अशक्तपणात वापरतात, पाव ते अर्धा चमचा दूध किंवा साखरेबरोबर. कडू रसाचं काम हवं असेल तिथे काढाच लागतो. सत्त्व महाग आणि शुभ्र असतं म्हणून ते काढ्याहून श्रेष्ठ, ही समजूत चुकीची आहे. आणि आयोडीन टाकून सत्त्वाची पारख करण्याच्या चित्रफितींवर विसंबू नका. मक्याचं पीठही निळं होतं आणि खरं सत्त्वही. फरक कळतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, कणांच्या आकारावरून.

प्रश्न : दोन वर्षं रोज सकाळी गुळवेलीचा रस घेतो. आता यकृताला धोका असल्याचं ऐकलं. मला थायरॉइडचा त्रास आहे.

उत्तर : आधी रस थांबवा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. 2021मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या बहुतेकांत स्वयंप्रतिकार विकाराच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाचा आक्षेप असा, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेलं नाही, ती क्रिस्पासारखी दुसरी जातही असू शकते. वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा रास्त आहे. पण त्यानं रुग्णांचा इशारा खोटा ठरत नाही. प्रतिकारशक्तीला चेतवणारी वनस्पती, स्वतःच्याच अवयवांवर उलटलेली प्रतिकारशक्ती असलेल्या माणसानं वर्षानुवर्षं घेऊ नये, हे दोन्ही बाजू मान्य करून म्हणता येतं. थायरॉइडचे बरेच विकार याच प्रकारचे असतात. तुमचा त्यातला आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

संधिवाताभ (रुमेटॉइड आर्थ्रायटिस), ल्युपस, सोरायसिस यांसारखे स्वयंप्रतिकार विकार किंवा यकृताचा जुना आजार असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि गर्भवतींनी ती आपल्या मनानं घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर जास्त उतरू शकते. शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी बंद करावी. निरोगी माणसानंही वैद्याच्या देखरेखीशिवाय सलग दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये. भूक मेली, मळमळ, अंगाला खाज, लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि गुळवेल घेत असल्याचं आठवणीनं सांगा. ‘ते काय, घरचंच’ म्हणून हीच गोष्ट सांगायची राहते.

प्रश्न : डेंग्यूमध्ये गुळवेलीच्या रसानं प्लेटलेट वाढतात का?

उत्तर : त्या भरवशावर राहू नका. डेंग्यूतून बरं होताना प्लेटलेट आपोआप चढतात आणि श्रेय त्या दिवशी प्यायलेल्या रसाला जातं. खरा धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, नेमका घरचे निर्धास्त होतात तेव्हा. पोटात तीव्र दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थता, लघवी कमी होणं यातलं काही असेल तर रुग्णालय गाठा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका. ताप पूर्ण गेल्यानंतरच्या थकव्यात वैद्याला विचारून गुळवेल घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : मोसंबीच्या बागेच्या कुंपणावर गुळवेल लावायचा विचार आहे. लागवड कशी करावी?

उत्तर : लागवड सोपी आहे. पेन्सिलीपेक्षा जाड, दोन पेरांचे, 15 ते 20 सेंटिमीटरचे तुकडे जून-जुलैत एक पेर मातीत जाईल असे लावा. वरचं टोक वरच राहील याची खूण कापतानाच करा. ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी वाढणारी, हे नाव ती सार्थ करते. काढणी करताना बुंधा फूटभर राखला की पुन्हा फुटते.

पण मोसंबीच्या किंवा डाळिंबाच्या बागेजवळ लावू नका. फळातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीच्या पानांवर वाढतात. पतंग रात्री बागेत येऊन पिकत्या फळाला सोंड खुपसतो, छिद्राभोवती फळ सडतं आणि गळतं. बागायतदारांना कुंपणावरच्या या वेली उपटून टाकण्याचा सल्ला दिला जातो, तो यासाठीच. तुम्हाला घरापुरती हवी असेल तर एकच वेल बागेपासून दूर, घराशेजारच्या मोठ्या झाडावर चढवा आणि पावसाळ्यात पानांवर अळ्या दिसल्या की वेचून मारा.