बोर्गांना राणी कशासाठी?

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ या अंतराळातील विज्ञानकथांमधील बोर्ग हे अर्धे सजीव, अर्धे यंत्र असून त्यांचे मन एकच असते, त्यांच्यात स्वतंत्र व्यक्ती नसतात, असे सांगितले जाते. मग त्यांची राणी कोठून आली? हा कथेतील दोष नव्हे काय?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. राणी ज्या चित्रपटात प्रथम दिसते, खुद्द त्यातच डेटा हे यंत्रमानवाचे पात्र तिच्यासमोर हाच आक्षेप घेते.

बोर्ग प्रथम दिसले ते १९८९ मध्ये, ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात. एंटरप्राइझ या अंतराळयानावरील तुकडी त्यांच्या घनाकृती यानात शिरते, तेव्हा खोबणींत उभे असलेले बोर्ग तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत; धोका जाणवत नाही तोवर समोरचा माणूस त्यांच्या लेखी नसल्यातच जमा असतो. एका खणात तर यंत्राचे भाग बसवलेले तान्हे बाळ आढळते. त्या यानात नियंत्रणकक्ष नाही की इंजिनघर नाही. वाटाघाटी कराव्यात तर कोणाशी आणि नेम धरावा तर कोणावर, हे न कळणे हीच त्यांची खरी दहशत होती.

पुढच्याच वर्षी एंटरप्राइझचे कप्तान पिकार्ड यांना बोर्ग बनवून ‘लोक्युटस’ या नावाने त्यांच्या तोंडून संवाद साधण्यात आला. वुल्फ ३५९ या ताऱ्याजवळील लढाईत ३९ याने गमावल्यावर माणसे तरली, ती पिकार्ड यांच्या मनाच्या दुव्यातून डेटाने झोपेचा हुकूम आत सोडला म्हणून. एकाला दिलेला हुकूम सर्वांनी पाळला. सामूहिक मनाचा पराभव त्याच्याच स्वभावाने व्हावा, ही त्या कथेची सर्वांत नेटकी कल्पना होय.

राणी अवतरली १९९६ च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ या चित्रपटात. चित्रपटाला मोहात पाडणारा, बोलणारा आणि अखेरीस मरणारा खलनायक हवा असतो, आणि अॅलिस क्रिज यांनी ती भूमिका उत्तम वठवली, हे नाकारता येत नाही. ‘मी म्हणजेच अनेक’ अशा अर्थाचे उत्तर देऊन राणी डेटाचा आक्षेप उडवून लावते. परंतु ती मरताच यानावरील इतर बोर्गही निकामी होतात, म्हणजे व्यवहारात ती सूत्रधारच ठरते. मधमाश्यांनाही राणी असते, हा बचाव टिकत नाही. ती मुख्यतः अंडी घालते. नव्या घराची जागा टेहळणी करणाऱ्या कामकरी माश्या नाचून सुचवतात आणि पुरेशा माश्या एका जागेकडे वळल्या की निर्णय होतो. पोळ्याशी खरे साम्य होते ते राणीविना असलेल्या बोर्गांचे.

प्रश्न : बोर्ग झालेली व्यक्ती पुन्हा माणूस होऊ शकते काय?

उत्तर : होऊ शकते, पण सुखाने नव्हे. ‘व्हॉयेजर’ मालिकेत १९९७ मध्ये आलेली सेव्हन ऑफ नाइन लहानपणीच बोर्ग झालेली असते. सुटका झाल्यावर ती आभार मानत नाही, परत पाठवण्याची मागणी करते. असंख्य आवाज एकाएकी थांबल्यावर उरलेली शांतताच तिला असह्य होते.